विहिरीवर पाणी कोणीं मागितलें?



आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागांतील एका लहानशा मंडळीच्या प्रचारकांनीं एक प्रश्न लिहून पाठविला आहे, आणि तो असा आहे कीं दोन ओळींत उत्तर देऊन मोकळें होतां येत नाहीं. त्यांच्या मंडळीनें हंगामाच्या सणाचें अर्पण आफ्रिका खंडांतील गरीब खेड्यांत स्वच्छ पाण्याच्या विहिरी खणणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेस पाठवावें असें ठरत होतें. तेव्हां एक वृद्ध बाई उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, वैशाखांत माझी सून दोन कोस चालून हंडा आणते. तिचें काय?" त्यावर एक तरुण बंधु म्हणाले कीं, पाणी देणें हें सरकारचें काम आहे, मंडळीचा पैसा सुवार्तेसाठीं आहे, पाणी पाजून लोक तारणास येत नाहींत. सभा तशीच उठली. ह्या दोघांस काय सांगावें, असें प्रचारक विचारतात.

बाईंचा प्रश्न आधीं घेतों, कारण तो डोक्यावर हंडा असलेल्या माणसाचा प्रश्न आहे. रत्नागिरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सोलापूर भागांत त्याचा जेमतेम पांचवा हिस्सा पडतो. तरीही चैत्र-वैशाखांत आपल्या वाड्यावाड्यांतून टँकरची वाट पाहावी लागते, हें देशावरच्या माणसास सांगून पटत नाहीं. आपला जांभा दगड सच्छिद्र आहे. आषाढांत पोटांत घेतलेलें पाणी तो झऱ्यांवाटे खालीं सोडून देतो. कातळावरचें पाणी पऱ्यांनीं आणि वहाळांनीं खाडीस मिळतें. आणि शिमगा सरला कीं विहिरीचा तळ दिसूं लागतो. समुद्रकांठच्या विहिरीस पाणी असलें तरी उन्हाळ्यांत तें पुष्कळदां मचूळ होतें. ज्या जिल्ह्यांत घराची कौलें पावसानें फुटतात त्याच जिल्ह्यांत पहाटे तीनला उठून झऱ्याशीं वाटीवाटीनें हंडा भरणारी स्त्री आहे. तेव्हां तहानेलेला शेजारी शोधण्यास समुद्र ओलांडण्याची गरज नाहीं, हें त्या बाईंचें म्हणणें खरें आहे.

परंतु आपलें पाणी आणि आफ्रिकेचें पाणी हीं दोन खातीं आपण समजतों तशीं निराळीं नाहींत. आपल्या खेड्यांत जो हापसा उभा आहे त्याची हकीकत पुष्कळांस ठाऊक नसेल, म्हणून ती सांगतों.

एक काळ असा होता कीं आपल्याकडचे हापसे ओतीव लोखंडाचे असत. अमेरिका व युरोपांतील शेतकरी आपल्या अंगणांत एका कुटुंबापुरता जो पंप बसवी, त्याच घडणीचे ते. त्या अंगणांत दिवसाकाठीं पांचदहा बादल्या निघत. आपल्या खेड्यांत पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा थांबत नसे. अर्थात् हापसा थोड्याच महिन्यांत मोडे, आणि बाया पुन्हां जुन्या डबक्याकडे वळत. १९६० नंतरच्या दशकांत मराठवाड्यांतील जालना येथें स्कॉटलंडच्या मिशनचें विंधण विहिरींचें काम चाललें होतें. तेथल्या कामकऱ्यांनीं ओतीव लोखंड टाकून पोलादी पत्रा जोडून डोकें तयार केलें आणि दांड्याला अनेक खिळ्यांऐवजी एकच आंस दिला. सोलापुरास त्यावर आणखी सुधारणा झाली, आणि तो हापसा सोलापूर पंप म्हणून प्रसिद्धीस आला. पुढें संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीनें व भारत सरकारनें तोच नमुना पायाभूत धरून, कोइमतूर भागांत प्रत्यक्ष विहिरींवर पारखून, १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत 'इंडिया मार्क टू' हा हापसा सिद्ध केला. दांडा खालीं दाबला कीं साखळी वर ओढली जाते, साखळीस लागलेल्या सळया दट्ट्यास वर उचलतात, आणि दांडा सोडला कीं सळयांच्या स्वतःच्या भारानें दट्ट्या खालीं जातो; दीडशें फूट खोल पाणीही पोरीबाळींच्या हातानें वर येतें. ह्या रचनेचा मक्ता कोणीं राखून ठेविला नाहीं. ज्यास हवा त्यानें तो करावा अशी मोकळीक असल्यामुळें तो लाखों संख्येनें झाला, आणि युगांडा, घाना, माली, बुर्किना फासो, सुदान ह्या देशांत जाऊन उभा राहिला.

म्हणजे आज युगांडांतील एखादी माउली ज्या हापशावर कळशी भरते, त्याचें मूळ जालना-सोलापूरच्या मराठी लोहारकामांत आहे. आणि त्या लोहारकामामागें स्कॉटलंडच्या कोणा विधवेनें आपल्या देवळाच्या पेटींत टाकलेलें नाणें असेल. त्या स्कॉटलंडच्या पेटीजवळही कोणी उभें राहून म्हटलें असेलच कीं आपल्या गांवचे गरीब आधीं पाहा. तिचें ऐकून नाणें तेथेंच राहिलें असतें तर? मी हा प्रश्न बाईंना गप्प करण्यासाठीं विचारीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं जें आपण दूर पाठवितों म्हणतों, त्यांतलें बरेंचसें आपण दुरून घेतलेलें असतें.

दुसरी हकीकत नारूची. आज तरुणांस हा रोग ठाऊक नाहीं, आणि ठाऊक नाहीं ही देवाची दया आहे. पायऱ्यांच्या विहिरींत लोक उतरत, पाय पाण्यांत बुडत, नारूच्या फोडांतून अळ्या पाण्यांत पडत, पाण्यांतला एक बारीक जीव त्या गिळी, आणि तें पाणी पिणाऱ्याच्या अंगांत वर्षभरानें हातभर लांबीचा दोरा तयार होऊन ऐन पेरणीच्या दिवसांत पायांतून बाहेर पडूं लागे. घरचा कर्ता माणूस शेताच्या बांधावर बसून राही. ह्या रोगावर लस नाहीं, औषध नाहीं. झांकलेली विहीर, हापसा आणि पाणी गाळण्याचें फडकें, एवढ्यावर आपल्या देशांतून नारू गेला. शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला आणि २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. आफ्रिका व आशिया खंडांत मिळून १९८६ सालीं ह्या रोगाचे सुमारें पस्तीस लाख रोगी होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष कार्टर, जे आपल्या गांवच्या बाप्तिस्त मंडळींत रविवारच्या शाळेचा वर्ग चालवीत असत, त्यांच्या संस्थेनें व तेथल्या हजारों खेडवळ स्वयंसेवकांनीं घरोघर फडकीं वांटलीं, गाळून पिण्यास शिकविलें. आणि २०२४ सालीं साऱ्या जगांत मनुष्यांमध्यें अवघे पंधरा रोगी आढळले. (कुत्र्यांत तो अजून राहिला आहे, म्हणून काम संपलें असें कोणीं समजूं नये.) कार्टरसाहेब त्याच वर्षाच्या डिसेंबरांत शंभर वर्षांचे होऊन वारले. आपल्या आज्या हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून पाणी गाळीत. त्यांस कोणी मोठें म्हटलें नाहीं, पण काम तेंच.

आतां त्या तरुण बंधूंकडे वळतों. पाणी पाजून तारण होत नाहीं, हें त्यांचें वाक्य खोटें नाहीं. परंतु त्यामागें एक विचार लपलेला आहे: जें देऊन माणसें मंडळींत येत नाहींत तें देणें व्यर्थ. हा विचार मला भयंकर वाटतो. ज्या दिवशीं पाणी हें आमिष झालें त्या दिवशीं तें पाणी राहिलें नाहीं, आणि सुवार्ताही सुवार्ता राहिली नाहीं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा पांचवा अध्याय काढून पाहा. अरामी सेनापति नामान यार्देनेच्या पाण्यांत बुडून बरा झाला, तेव्हां अलीशानें त्याच्या भेटींतून एक कवडी घेतली नाहीं. पण चाकर गेहजी रथामागें धांवत गेला आणि झालेल्या उपकाराची किंमत मागून आला. आणि नामानाचा कोड त्याला लागला. पाणी दिल्यानंतर मागून धांवत जाणारा गेहजी प्रत्येक मिशनांत, प्रत्येक संस्थेंत असतो. कोठें तो मंडळीची हजेरी मागतो, कोठें मत मागतो, कोठें संगमरवरी पाटी. एका खेड्यांत मीं असा हापसा पाहिला आहे कीं त्याच्या ओट्यावर देणगीदारांच्या नांवांची पाटी चकचकीत होती, आणि दांडा दोन वर्षें मोडून पडला होता. कोणत्या संस्थेचा तें सांगत नाहीं. सांगून उपयोगही नाहीं.

प्रभूनें दहा कुष्ठी बरे केले आणि नऊ परत आले नाहींत. तो कोठें गेले म्हणून विचारतो, त्याला दुःख होतें. पण त्या नवांचा कोड त्यानें परत आणिला नाहीं. देणें आणि परत येण्याची वाट पाहणें ह्यांत पाप नाहीं. न आल्यास दिलेलें काढून घेणें, किंवा येतील अशांनाच देणें, ह्यांत आहे. म्हणून त्या तरुण बंधूंस मी विचारीन: तुझ्या वाडींतली विहीर ज्यांनीं कधीं देवळांत पाऊल टाकिलें नाहीं आणि पुढेंही टाकणार नाहींत, त्यांच्यासाठीं तितक्याच आनंदानें खणशील काय? होय म्हणाला तर त्याच्या हातीं सुवार्तेचा पैसा देण्यास मला भीति वाटणार नाहीं.

येथवर आपण देण्याविषयीं बोललों. पण हा लेख लिहूं लागलों तेव्हां योहानाचा चौथा अध्याय पुन्हां वाचला, आणि जी गोष्ट अनेकदां उपदेशांत सांगितली तीच मला नवी वाटली. सूखार गांवाजवळ याकोबाच्या विहिरीवर दुपारच्या वेळीं प्रभु बसला आहे. शोमरोनी स्त्री येते. यहूदी माणूस शोमरोन्याच्या भांड्यास शिवत नसे. तेथें प्रभु पहिली गोष्ट करितो ती कोणती? तो तिला पाणी देत नाहीं. तो तिच्याकडे पाणी मागतो. जिवंत पाण्याचें बोलणें त्यानंतरचें आहे. ती स्त्री चकित होते ती कांहीं मिळालें म्हणून नव्हे, तर आपल्याकडे कोणी मागितलें म्हणून.

आपल्या देशांत ह्या गोष्टीचा अर्थ पंडितांनीं सांगावा लागत नाहीं. स्पृश्य म्हणविणारा मनुष्य वेळप्रसंगीं अस्पृश्याच्या ओंजळींत वरून पाणी ओतील. त्यास तो धर्मही समजेल. पण त्याच्या हातचें पाणी तो पिणार नाहीं. देण्यानें त्याचें उंचपण मोडत नाहीं, उलट वाढतें. घेण्यानें मोडतें. आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, तेव्हांच्या कुलाबा जिल्ह्यांतील महाड येथें, ज्यांचें मूळ गांव आपल्या मंडणगड तालुक्यांतील आंबडवे, त्या डॉ. आंबेडकरांनीं २० मार्च १९२७ रोजीं हजारों लोकांसह चवदार तळ्याचें पाणी ओंजळीनें प्राशन केलें. मुंबईच्या कायदे कौन्सिलानें १९२३ सालींच सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे असावेत असा ठराव केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनें तो मान्यही केला होता; तरी पाणी पिणाऱ्यांना मार बसला आणि तळें गोमूत्र-शेणानें 'शुद्ध' करण्यांत आलें. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ साल उजाडलें. तहान हा त्या दिवशींचा प्रश्न नव्हताच. गुरेंढोरें त्या तळ्यावर पाणी पीत होतीं.

त्या काळीं आपण ख्रिस्ती लोक काय करीत होतों? महाराष्ट्रांतील पुष्कळ खेड्यांत महार-मांग समाजांतून आलेल्या आपल्या वाडवडिलांस बाप्तिस्म्यानंतरही गांवच्या विहिरीवर रहाटास हात लावूं देत नसत. तेव्हां मिशनांनीं आपल्या आवारांत विहिरी खणल्या. त्या विहिरींनीं कित्येकांचे प्राण वांचविले, त्यांस मी नांवें ठेवणार नाहीं. मी स्वतः अशाच एका विहिरीचें पाणी पिऊन वाढलों. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपली विहीर झाल्यावर गांवची विहीर जशीच्या तशी राहिली. गांव म्हणालें, बरें झालें, आतां हे आमच्याकडे येणार नाहींत. तहान भागली, आणि जो अन्याय त्या तहानेच्या मुळाशीं होता तो सुखानें निजला.

अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेड येथें (जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे) डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालीं आरोग्याचें काम आरंभिलें. लौकरच मोठा दुष्काळ पडला. लेंकरांच्या रोगांचें मूळ घाण पाण्यांत आहे हें डॉक्टरांस दिसत होतें. तेव्हां विंधण विहिरी घेऊन हापसे बसविण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. हापसा कोठें बसवावा हें ठरवितांना त्यांनीं जे केलें तें मला योहानाच्या चौथ्या अध्यायावरचें भाष्य वाटतें. त्यांनीं पाण्याची जागा दलितांच्या वस्तींत शोधविली आणि हापसे तेथें उभे केले. भर गांवांतल्या विहिरी आटल्या होत्या. ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या ह्या वस्तीस वरून पाणी वाढलें, त्यांच्या बाया हंडे घेऊन वस्तींत आल्या आणि रांगेंत उभ्या राहिल्या. कोणासही उपदेश करावा लागला नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल, हें तर तहानेच्या बळावर माणसांस वांकविणें झालें. मन पालटलें नाहीं, गरजेनें पाय वळले. आक्षेप खरा आहे, आणि मी त्यास पुरतें उत्तर देऊं शकत नाहीं. आमिषाची निंदा करणाऱ्यानें तहानेच्या ह्या जोराची स्तुति करावी काय, हें मला रात्रीं पुष्कळ वेळ सुचत राहिलें. भेद मला एवढाच दिसतो: आमिषांत देणारा कांहींतरी आपल्याकडे ओढून घेतो, जामखेडांत पाणी सर्वांस मोकळें होतें, अट कोणतीही नव्हती, फक्त अपमानाचा जुना रस्ता बंद केला होता. ज्याला त्या वस्तींत यावयाचें नव्हतें त्याला दुसरीकडून पाणी आणण्यास मोकळीक होती. आणि हात पुष्कळदां मनाच्या आधीं शिकतो, हाही माझा अनुभव आहे. आरोळे पतिपत्नींस १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. पण त्यांच्या कामाचा भार पुढें ज्यांनीं वाहिला त्या गांवोगांवच्या आरोग्यसेविका, त्यांत किती तरी निरक्षर आणि दलित बाया होत्या.

आणखी एक गोष्ट, जी आफ्रिकेस आणि रत्नागिरीस सारखीच लागू आहे. विहीर खणणें हा एका दिवसाचा समारंभ आहे. ती चालू ठेवणें हें रोजचें काम आहे. २००९ सालीं आफ्रिकेंतील वीसेक देशांचे आंकडे एकत्र केले तेव्हां दर तीन हापशांपैकीं सुमारें एक बंद असल्याचें दिसून आलें. पाणी आटलें म्हणून सारे बंद नव्हते. कोठें वॉशर झिजला, कोठें साखळी तुटली, आणि पाना कोणाकडे नाहीं, पैसा कोणाकडे नाहीं, जबाबदारी कोणाची तें माहीत नाहीं. आपल्याकडे २०१९ पासून जलजीवन मिशनांत घरोघर नळ देण्याची सरकारी योजना निघाली. त्या नळांसही उद्यां हाच प्रश्न विचारावा लागेल.

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायांत इसहाकानें गरार खोऱ्यांत काय केलें तें आठवा. बाप अब्राहाम ह्यानें खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या. इसहाकानें त्या पुन्हां उपसल्या आणि बापानें जीं नांवें दिलीं होतीं तींच परत दिलीं. स्वतःचें नांव कोरलें नाहीं. नव्या विहिरीही त्यानें खणल्या. दोहोंवर भांडण झालें, तर तो पुढें सरकला, आणि तिसरीवर कोणी भांडलें नाहीं तेव्हां तिला रहोबोथ म्हटलें. ह्या मनुष्याविषयीं शास्त्रांत मोठे पराक्रम फारसे नाहींत. बुजलेलें उपसणें एवढेंच त्याच्या वांट्यास आलें होतें.

आतां प्रचारक बंधूंस माझें उत्तर. अर्पण आफ्रिकेस पाठवावें; तें न पाठविण्याचें कारण त्या बाईंनींही दिलेलें नाहीं, त्यांनीं फक्त सुनेची आठवण दिली. पण संस्थेस पैसे पाठवितांना दोन गोष्टी लिहून विचाराव्या: हापसा मोडल्यास तो दुरुस्त करण्यास गांवांतल्या कोणास शिकविलें आहे, आणि तो कोणाच्या दारापुढें बसणार आहे. उत्तर न आल्यास पुढल्या वर्षीं दुसरी संस्था पाहावी. दुसरें असें कीं, त्या बाईंच्या वाडीच्या वरच्या अंगास एक हापसा दीड वर्षापासून बंद आहे, असें प्रचारकांच्याच पत्रांत शेवटीं ओझरतें लिहिलें आहे. तो आपल्या मंडळीचा नव्हे, बौद्धवाडीचा आहे, म्हणून त्यांनीं त्याचा विचार केला नसावा. मंडळींतील त्या तरुण बंधूंस सायकल दुरुस्त करतां येते असें कळतें. त्यांनीं व प्रचारकांनीं मिळून तेथें जावें, वाडीच्या लोकांस विचारून हापशाचें डोकें उघडून पाहावें, काय तुटलें तें लिहून कळवावें. आणि दुपारीं ऊन लागल्यावर तेथल्याच एखाद्या घरीं पिण्यास पाणी मागावें.

साखळी व बेअरिंग ह्यांची किंमत मीं रत्नागिरीच्या बाजारांत विचारण्यास सांगितली आहे. पुढल्या अंकापर्यंत समजेल.